सेव्हनचे आरसे: दाराला ठेवू की काचेच्या खांबाला लावू?

वळणवेडा

मंडळी, प्रश्न जरा आडवळणाचा आहे. पण इथे विहिरीच्या मोटारीपासून आजीच्या शिलाई मशीनपर्यंत सगळ्यावर उत्तरं मिळालेली पाहिलीत, म्हणून विचारतो.

मी इंग्लंडात, डर्बीशायरमध्ये असतो. सेव्हन धाटणीची एक जुनी गाडी घेतली आहे. कंपनी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९५७ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटसने सेव्हन काढली. नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दोघांपुरती जागा आणि बाकी नन्नाचा पाढा. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि त्याच धर्तीच्या गाड्या पुढे इतरही बऱ्याच जणांनी बांधल्या. वजन साधारण पाचशे-सहाशे किलो. दार म्हणजे कापड आणि पारदर्शक प्लास्टिकची झडप. पुढे बिजागरी असते, वर उचललं की दार हातात.

घोळ असा की आरसे त्या दारांनाच लावलेले आहेत. चांगलं ऊन पडलं की दारं काढावीशी वाटतात, आणि दारांबरोबर आरसेही घरी राहतात. दारं लावून निघालो तरी सुख नाही. ताशी ५० मैलांच्या पुढे दार वाऱ्याने फडफडतं आणि मागे एक गाडी आहे की तीन ते कळत नाही.

समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात त्यांना आरसे लावावेत असं मनात आहे. कोणी केलंय का? आरशाची काच सपाट घ्यावी की बहिर्वक्र? आणि बसवल्यावर ते नीट लावायचे कसे? सीट जवळपास जमिनीला टेकलेली, वर चार पट्ट्यांचा बेल्ट. एकदा आवळला की मान सोडून काही हलत नाही.

आगाऊ_बाळू

दार नाही, छप्पर नाही, आरसा नाही. आमच्याकडे अशा गाडीला अपघातग्रस्त म्हणतात आणि वजनावर विकतात.

लीड्सकर

दारं काढून आरशांशिवाय फिरत असाल तर आजपासून बंद करा. इंग्लंडमध्ये १९७८ नंतरच्या गाड्यांना किमान दोन आरसे लागतात. त्यातला उजवीकडचा बाहेरचा असलाच पाहिजे. दुसरा डावीकडचा बाहेरचा किंवा आतला, कुठलाही चालतो. म्हणजे आतला आरसा असेल तर डावं दार काढून फिरलात तरी कायद्याने बरोबर, उजवं काढलंत तर नाही. विम्यावाल्यांना कारण हवंच असतं.

वळणवेडा

@लीड्सकर, धन्यवाद. आतला आरसा आहे. पण छत चढवलं की मागे पोस्टकार्डाएवढी प्लास्टिकची खिडकी उरते, तीही दुधाळ झालेली. त्यामुळे त्याच्यावर फार विसंबता येत नाही.

@आगाऊ_बाळू, विकायची झाली तर वजन भरणार नाही हो, हीच तर अडचण.

नटबोल्ट

वळणवेडा, आधी हे बघा की हलतंय काय. काच डबीत हलतेय, डबी दांडीवर हलतेय, दांडी पट्टीवर हलतेय की आख्खं दार हलतंय? प्रत्येकाचा इलाज वेगळा. गाडी उभी करा, इंजिन चालू ठेवा, आणि कोणाला तरी हळूहळू रेस द्यायला सांगा. तुम्ही आरशाकडे बघत बसा. एखाद्या ठराविक आकड्यावर आरसा थरथरला आणि पुढे गेल्यावर शांत झाला, तर इंजिनाचं काम. उभ्या गाडीत काहीच झालं नाही आणि फक्त वेगात होत असेल, तर वारा किंवा चाकं.

मी भोसरीत टूलरूममध्ये होतो, आता निवृत्त. सेव्हन प्रत्यक्ष पाहिलेली नाही. पण पट्टी, बोल्ट आणि वायसर सगळ्या देशांत सारखेच वागतात.

चेतकस्वार

आमच्या चेतकचा आरसा आठवला. त्यात फक्त स्वतःचं उजवं कोपर दिसायचं. मागून ट्रक आला तर तो हॉर्नने कळायचा. तरी वीस वर्षं सुखाने चालवली.

अनवट_वाट

@चेतकस्वार, कारण तेव्हा रस्त्यावर तुम्ही आणि तो ट्रक एवढेच होतात. :)

पुण्यात आजही निम्म्या दुचाक्यांचे आरसे केस विंचरण्यापुरते असतात, उरलेल्या निम्म्यांचे काढून घरी ठेवलेले. फॅन्सी दिसत नाही म्हणे. आणि टाटा नॅनो २००९ मध्ये आली तेव्हा तिच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलला फक्त ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा होता. डावीकडून कोण येतंय ते बघण्याची आपल्याला सवयच उशिरा लागली.

भौतिकानंद

आरशाच्या थरथरीवर लिहितो. लांबलचक आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

आरशाची दांडी म्हणजे एका टोकाला धरलेली आणि दुसऱ्या टोकाला वजन लटकवलेली सळई. अशी सळई किती वाकते ते तिच्या लांबीच्या घनावर ठरतं. लांबी निम्मी केली की ती आठपट कडक होते. गोल सळईची जाडी वाढवली तर कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटर घेतली तर जवळजवळ अडीचपट. लोक महाग आरसा विकत घेतात आणि लांब दांडीवर बसवतात. त्यात काही राम नाही.

आता इंजिनाचं बघू. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ९०० फेऱ्यांवर, म्हणजे आयडलिंगला, सेकंदाला ३० धक्के. ३,००० फेऱ्यांवर १००. आरसा आणि दांडी यांची स्वतःची कंपनसंख्या या टप्प्यात कुठेतरी पडली की त्या वेगाला आरसा नाचायला लागतो. दांडी निम्मी केली तर ही संख्या साधारण २.८ पट वर सरकते. ती इंजिनाच्या नेहमीच्या पट्ट्याच्या वर नेऊन ठेवली की काम झालं. उलट डबी जड घेतली तर ती खाली येते. म्हणून माझं मत: हलकी डबी, आखूड आणि जाड दांडी, आणि धरायला न वाकणारी जागा. कापडी दार ही धरायची जागाच नव्हे.

आगाऊ_बाळू

सर, दहावीला असं शिकवलं असतंत तर मी आज इथे टवाळक्या करत नसतो.

चेतकस्वार

खाली रबराचं वायसर टाकलं की थरथर जाते. सोपा उपाय, घन नको नि घात नको.

भौतिकानंद

@चेतकस्वार, रबर धक्के अडवतं ते त्याच्यावर बसलेल्या वस्तूच्या स्वतःच्या कंपनसंख्येच्या बऱ्याच वरचे. मऊ, जाड रबर टाकलंत तर ती संख्याच खाली येते. मग बारीक थरथर जाईल, पण खड्ड्यागणिक आरसा मान डोलावत बसेल.

नटबोल्ट

दोघंही बरोबर आहात, फक्त वेगवेगळ्या रबराबद्दल बोलताय. मिलिमीटरभर जाडीचा टणक रबराचा तुकडा पट्टीखाली टाका. तो थरथरीसाठी नाही, पत्र्यावर ओरखडे उठू नयेत आणि पाणी आत जाऊ नये म्हणून. सायकलची जुनी ट्यूब कापून चालते. जाड बुश टाकायच्या फंदात पडू नका.

वळणवेडा, तुमच्या खांबाचा फोटो टाका. बोल्ट किती आणि कुठे ते दिसू दे.

वळणवेडा

फोटो टाकलाय. खांब अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव आहे, पत्र्याला बाहेरून दोन बोल्टांनी धरलेला. दाराची बिजागरीही त्याच खांबावर आहे, हे आत्ता लिहिताना जाणवतंय. दार उघडताना पुढच्या बाजूला फिरतं. म्हणजे आरसा खांबाला लावला तर दार पूर्ण उघडणार नाही?

सॅनहोजेकर

हो, आपटणार. तुमची गाडी चालवलेली नाही, पण जीप रँगलरवाल्यांची कथा तीच आहे. दारं काढता येतात आणि आरसे दारावर. उन्हाळ्यात इथे दारं काढून फिरतात तेव्हा बिजागरीत अडकवायचे वेगळे आरसे लावतात, दारं परत चढवली की ते काढून ठेवतात. दोन संच ठेवा की.

काचेबद्दल सांगायचं तर अमेरिकेत ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाटच लागतो. दुसऱ्या बाजूचा बहिर्वक्र चालतो, पण त्यावर वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत अशी ओळ छापावी लागते. माझ्याकडे पहिल्या पिढीची मियाटा आहे, माझ्दाची छोटी दोघांपुरती गाडी. तिच्या सपाट आरशात अंतराचा अंदाज अगदी नेमका येतो. मी सपाटच सुचवेन.

लीड्सकर

युरोपात बाजूच्या आरशांना बहिर्वक्र काच चालते, वक्रतेची त्रिज्या १,२०० मिलिमीटरपेक्षा कमी नको एवढंच. आमच्याकडे दोन्ही बाजूंना बहिर्वक्र हेच नेहमीचं. मियाटात बसून मान वळवता येते. सेव्हनमध्ये चार पट्ट्यांत बांधलेला माणूस खांद्यावरून मागे बघूच शकत नाही. त्याला रुंद दिसणं जास्त गरजेचं. अंतराचा अंदाज आतल्या आरशावरून घ्यावा, तो सपाट असतो.

सॅनहोजेकर

@लीड्सकर, पण त्यांच्या आतल्या आरशात पोस्टकार्ड दिसतं ना?

लीड्सकर

छत चढवलं तर. छत चढवून ही गाडी कोण चालवतं?

वळणवेडा

@लीड्सकर, डर्बीशायरमध्ये राहणारा माणूस.

नागोयाकर

अवांतर करतो. जपानमध्ये १९८३ पर्यंत आरसे दाराला लावायची परवानगीच नव्हती, ते पुढच्या मडगार्डवर असायचे. जुन्या टॅक्स्यांवर अजून दिसतात. टॅक्सीवाले काका सांगतात की मान न वळवता दोन्ही बाजूंचं दिसतं, डोळे रस्त्यावरून फारसे हलत नाहीत. शिवाय डावीकडे बसलेल्या गिऱ्हाइकाकडे टक लावून बघितल्यासारखं होत नाही. वळणवेडा यांनी पुढच्या मडगार्डला लावले तर? दारांचा प्रश्नच मिटला.

वळणवेडा

@नागोयाकर, कल्पना भारी आहे, पण सेव्हनची पुढची मडगार्डं सायकलसारखी चाकालाच जोडलेली असतात. चाक वळलं की ती वळतात, खड्ड्यात गेलं की उडतात. उजवीकडे वळताना आरशात शेतातली मेंढरं दिसतील.

आगाऊ_बाळू

पण मेंढरांवर लक्ष तर राहील!

इतिहासजमा

थरथरत्या आरशाचा इतिहास गाडीच्या आरशाइतकाच जुना आहे. १९११ मध्ये पहिली इंडियानापोलिस ५०० झाली. तेव्हा शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसायचा, मागून कोण येतंय ते तो ओरडून सांगायचा. रे हॅरून यांची मार्मन वास्प एकट्यासाठी बांधलेली. बाकीच्यांनी तक्रार केली की याला मागचं दिसणार कसं, तेव्हा त्यांनी समोर चार दांड्यांवर आरसा बसवला. शर्यत जिंकलेही. नंतर त्यांनी सांगितल्याचं लिहिलेलं सापडतं की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका हलत होता की त्यात काहीच दिसलं नाही.

त्याच्याही आधी, १९०९ मध्ये, डोरोथी लेविट या इंग्लंडच्या शर्यतपटू बाईंनी मोटार चालवणाऱ्या बायकांना सल्ला दिला होता की एक हातआरसा जवळ ठेवा, अधूनमधून वर धरून मागचं बघता येतं. तेव्हा वळणवेडा, काहीच जमलं नाही तर हा उपाय आहे.

अनवट_वाट

म्हणजे केस विंचरायचा आरसा आणि गाडीचा आरसा मुळात एकच होता. पुण्याच्या दुचाकीस्वारांवरचे आरोप मी मागे घेते.

फॉर्म्युला वनवाल्यांनाही हे भोवलंच आहे. २०२३ पासून त्यांच्या आरशांची काच १५० मिलिमीटरवरून २०० मिलिमीटर रुंद करायला लावली, कारण मागचं पुरेसं दिसत नव्हतं. त्याआधी २०१८ मध्ये बार्सिलोनाला फेरारीने आरसे हेलोवर, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्यावर, बसवले आणि आधाराच्या नावाखाली वर छोटे पंख जोडले. पुढच्या शर्यतीपासून ते पंख बंद. आरसा म्हटला की तो सोडून बाकी सगळ्याकडे लक्ष, हे तिकडेही आहे.

नटबोल्ट

फोटो पाहिला. धागा शर्यतीला गेलाय तोवर मी कामाचं लिहितो.

खांबाच्या दोन बोल्टांपैकी वरच्याखाली पट्टी घ्या. स्टेनलेसची तीन मिलिमीटर जाड पट्टी पुरे, काटकोनात वाकवलेली, बाहेर दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त काढू नका. दोन्ही बोल्ट एकदम सोडू नका, समोरची काच खाली सरकेल आणि परत जागेवर आणताना तोंडाला फेस येईल. एक काढा, पट्टी घाला, लावा, आवळा. बोल्ट आता पट्टीच्या जाडीइतका लांब लागेल. जुनाच वापरलात तर आटे पुरेसे धरणार नाहीत.

स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागले आणि वर तुमच्याकडचं हिवाळ्यातलं मिठाचं पाणी पडलं की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट कायमचा बसतो. मधे नायलॉनचं वायसर आणि आट्यांना ग्रीस. पट्टीच्या कडा कानशीने गोल करा. नुसतं टोक मारून सोडू नका, बोट फिरवलं तर कड जाणवता कामा नये.

दांडीला नायलॉकचा नट वापरा, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, थरथरीने सैल न होणारा. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नायलॉक मशीनने भरभर फिरवलात तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. हाताने, सावकाश, थेंबभर तेल लावून. आणि आटे पक्के करायचं ते निळं औषध मिळतं ना, ते प्लास्टिकच्या डबीजवळ नेऊ नका. कित्येक प्रकारच्या प्लास्टिकला त्याने तडे जातात. आज नाही, महिन्याने.

लीड्सकर

कडांबद्दल दुजोरा. घरी बांधलेल्या गाड्यांची इथे जी तपासणी होते तिच्यात बाहेर आलेल्या भागांच्या कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची लागते. तुमची गाडी जुनी आहे, परत तपासायला कोणी येणार नाही. पण शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याच्या हाताला लागणार तर तीच कड.

बुलेटवाला_कोल्हापूर

मोटारसायकलचा आरसा का नाही लावत? स्वस्त, मजबूत, कुठेही मिळतो. १० मिलिमीटरचे आटे. फक्त यामाहाचा घेऊ नका, उजव्या आरशाला उलटे आटे असतात. हे माहीत नसलेला माणूस त्या नटाशी झोंबत बसलेला बघणं हा आमच्या गॅरेजमधला करमणुकीचा कार्यक्रम आहे.

नटबोल्ट

@बुलेटवाला_कोल्हापूर, डबी चालेल, दांडी नको. मोटारसायकलची दांडी वीतभर लांब असते. भौतिकानंद सरांचा घन आठवा. शिवाय उलट्या आट्यांमागे डोकं आहे. आरशाला समोरून धडक बसली की दांडी सैल होऊन फिरते, मोडत नाही. वळणवेडा, तुमचाही आरसा धक्क्याने मिटेल असाच घ्या. अरुंद रस्ते आहेत म्हणता.

आणि डबीतला बॉल जॉइंट सैल असेल तर नवीन आरसा आणायची घाई नको. बऱ्याच आरशांत काचेमागे स्प्रिंगचा स्क्रू असतो. काच चिकटवलेली असली तर केस वाळवायच्या यंत्राने गरम करून हळू सुटते. स्प्रिंगचा दाब वाढवूनही भागलं नाही तर बॉलवर बारीक पॉलिश पेपर फिरवा, गुळगुळीतपणा गेला की पकड येते.

सॅनहोजेकर

आता लावण्याबद्दल. कोणी १९९५ चा जॉर्ज प्लॅट्झर यांचा शोधनिबंध वाचलाय का? अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह इंजिनियरांच्या सोसायटीसाठी लिहिलेला. सार असं की बहुतेक लोक बाजूचे आरसे फार आत वळवून ठेवतात. निम्म्या काचेत स्वतःची गाडी, उरलेल्यात आतल्या आरशात दिसतं तेच. त्यांची रीत: उजवीकडे बसणाऱ्याने डोकं उजव्या खिडकीला टेकवायचं आणि उजवा आरसा असा वळवायचा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मधोमध आणायचं आणि डावा तसाच लावायचा. नीट बसलं की आपली गाडी दिसतच नाही, शेजारची लेन दिसते. आतल्या आरशातून गाडी निसटली की ती बाजूच्यात उगवते, तिथून निसटेपर्यंत डोळ्याच्या कडेला आलेली असते.

अनवट_वाट

मला ही रीत पटत नाही. स्वतःच्या गाडीची कड दिसली नाही तर आरसा कुठे बघतोय ते कळणार कसं? घाटात आणि पार्किंगमध्ये मला माझं मागचं चाक दिसलंच पाहिजे.

सॅनहोजेकर

डोकं जरा झुकवलं की दिसतं. हवी तेव्हाच बघा.

अनवट_वाट

झुकवायचं? चार पट्ट्यांत?

वळणवेडा

इथेच माझं अडतंय. डोकं टेकवायला खिडकीही नाही. बेल्ट न लावता ही रीत करून पाहिली, छान वाटलं, मग बेल्ट आवळला तर डोकं मागे आणि खाली गेलं आणि दोन्ही आरशांत आभाळ.

भौतिकानंद

आरसा जितका फिरवाल त्याच्या दुप्पट नजर फिरते. पाच अंश फिरवला तर दहा अंश. डोकं सरकलं की कोन बदलतोच. म्हणून आधी बेल्ट, मग आरसा, हा क्रम उलटा करून चालणार नाही.

लीड्सकर

सेव्हनमध्ये खूण म्हणून मागची मडगार्डं वापरा. ती गाडीच्या अंगापासून चांगली बाहेर आलेली असतात, त्यामुळे आरसा बराच बाहेर वळवला तरी आतल्या कडेला मडगार्डची एक पातळ फाक दिसत राहते. प्लॅट्झर यांचंही खरं आणि अनवट_वाट यांचंही. नीट बसा, बेल्ट पूर्ण आवळा, हेल्मेट किंवा टोपी घालत असाल तर तीही चढवा. मग दुसऱ्या कोणाला तरी आरसा फिरवायला सांगा. तुमचा हात पोचेल, पण हात पुढे करताना खांदा पुढे जातो आणि परत सगळं बदलतं.

उंचीचंही बघा. तुमचे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर. तुमच्या मागे जे काही येतं ते तुमच्यापेक्षा उंचच असतं. क्षितिज काचेच्या मध्याच्या थोडं खाली ठेवा. वर ट्रकची काच दिसेल, खाली रस्ता वाया जाणार नाही. रात्री मोठ्या गाड्यांचे दिवे नेमके तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील, त्यासाठी निळसर काच मिळते, थोडा फरक पडतो.

खरं दाखवायचं तर एखाद्या सरळ रस्त्याच्या कडेला थांबा आणि मागून येणाऱ्या गाड्या बघत बसा. एखादी गाडी कुठल्याच आरशात नाही आणि कडेलाही नाही असा क्षण आला, तर आरसा अजून बाहेर.

चेतकस्वार

आणि मोटारवेवर ट्रकच्या बाजूने रेंगाळू नका. तुम्हाला तो दिसतो, त्याला तुम्ही दिसत नाही. हे कुठल्याही आरशाने सुटत नाही.

लीड्सकर

अगदी. युरोपातून येणाऱ्या डाव्या स्टिअरिंगच्या ट्रकच्या उजव्या अंगाला तर मुळीच नको.

आगाऊ_बाळू

चेतकस्वार यांनी प्रथमच गंभीर प्रतिसाद दिला. संपादकांनी नोंद घ्यावी.

वळणवेडा

अपडेट. उजवा आरसा खांबाला बसला. नटबोल्ट काकांनी सांगितली तशी स्टेनलेसची पट्टी इथल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून घेतली, कडा घरी कानशीने मारल्या. बहिर्वक्र काच, आखूड दांडी. उभ्या गाडीत रेस देऊन पाहिली, आयडलिंगची थरथर गेली. चार हजारच्या वर थोडी चमचम होते, पण तेव्हा मी आरशात बघत नसतो.

आरसा बायकोने फिरवला, मी पट्ट्यांत बांधून घेऊन वर, खाली, अजून बाहेर असं ओरडत होतो. शेजारचे काका कुंपणावरून बघत होते, त्यांचं काय मत झालं असेल कोण जाणे. मडगार्डची फाक आतल्या कडेला, क्षितिज मध्याखाली. स्नेक पासवर, म्हणजे इथल्या वळणावळणाच्या घाटरस्त्यावर, मागे लागलेली व्हॅन आता एकच दिसते.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. दार लावलं की हा आरसा दाराच्या प्लास्टिकमधून बघावा लागतो. माझ्या दारांचं प्लास्टिक इतकं ओरखडलेलं आहे की उजवा आरसा दार काढूनच चांगला दिसतो. आणि दार आता अर्धंच उघडतं. डाव्या बाजूला तसंच केलं तर बायको आत शिरणार नाही म्हणते.

नटबोल्ट

प्लास्टिकचे बारीक ओरखडे हेडलाइट चकचकीत करायच्या पॉलिशने बरेच जातात. गोल गोल घासू नका, एकाच दिशेने घासा, आणि कापड मऊ सुती. खोल गेलेले असतील तर तो तुकडाच बदला.

डावीकडे पट्टी खालच्या बोल्टावर घ्या, म्हणजे दार वरून जाईल. आरसा खाली आला तरी डावीकडचा तुम्ही लांबून बघता, तुम्हाला चालेल. पट्टी कापण्याआधी पुठ्ठ्याची करून दार उघडून बघा. आणि दार किती उघडू द्यायचं त्यासाठी चामड्याची वादी लावा, नाहीतर एखाद्या दिवशी वारा दार भिरकावेल आणि आरसा जाईल.

वळणवेडा

पुठ्ठा कापतोय. वहिनींना चहा घेऊन बसा म्हणावं, डाव्या बाजूचे प्रश्न संध्याकाळी येतील.

नटबोल्ट

त्या केव्हापासून चहा घेऊनच धागा वाचतायत. त्यांचं म्हणणं, आधी तुमच्या बायकोला विचारा दार किती उघडलेलं हवंय, मग पुठ्ठा कापा.